हात बरा आहे, तू जा

प्रिय दिलीप,

‘प्रिय’ लिहायला थोडा वेळ लागला. आधी नुसतं ‘दिलीप’ लिहून पाहिलं, तर ते शाळेतल्या हजेरीसारखं दिसायला लागलं. म्हणून सवयीने प्रिय लिहिलंय. त्याचा फार अर्थ लावत बसू नकोस.

अक्षरालाही हसू नकोस. डाव्या हाताने लिहितेय. उजव्या हाताचं काय झालंय ते तुला शेवटपर्यंत कळलं नाही, की कळलं होतं आणि तू बोलला नाहीस? एवढंच विचारायचंय. तू होतास तेव्हा हा प्रश्न मला पडला नव्हता, आणि आता पडलाय तर उत्तर द्यायला तू नाहीस. वेळ साधण्यात तू पहिल्यापासून हुशार.

तुझं वर्षश्राद्ध महिन्यावर आलंय. वर्षभरात मी तुला एक ओळ लिहिली नाही, कारण गेलेल्या माणसाशी बोलणं तुला वेडेपणा वाटला असता, आणि मलाही. पण रविवारी अस्मिता येऊन गेली. तुझी विद्यार्थिनी, घाटकोपरची, जिला तू भांडखोर म्हणायचास आणि जिच्याशिवाय तुझ्या प्रयोगशाळेत पान हलत नसे. चहा पिता पिता ती सहज एक गोष्ट बोलून गेली. तेव्हापासून मी या रिकाम्या घरात तुझ्याशी मोठमोठ्याने भांडतेय. शेजारच्या शाहबेन दोनदा दारात येऊन विचारून गेल्या, ‘शैलाबेन, सब ठीक ना?’ म्हणून शेवटी लिहायला बसले. लिहिताना आवाज होत नाही.

ती काय बोलली ते सांगते, पण आधी सगळं पहिल्यापासून ऐकून घे. आयुष्यभर तू माझं मधूनच ऐकलंस.

आठवतं का, तू पार्ल्याला आमच्या घरी पहिल्यांदा आलास ते? तू पीएचडीला नुकताच लागला होतास आणि मी घाटकोपरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचे. माझ्या आईने पोहे केले होते. मुलगा भांडुपच्या चाळीतला, वडील गिरणीत होते, कोकणातले, एवढं तिला ठाऊक होतं. मुलगा काय घेऊन येईल ते ठाऊक नव्हतं. तू पिशवीतून एक कागद काढलास आणि पोह्यांच्या बशीशेजारी उलगडलास. उंदराची उघडी मांडी. पेन्सिलीने, तुझ्या त्या गचाळ हाताने काढलेली. ‘एवढं शाईने नीट काढून देशील का? पेपरला लागतंय.’ आई उठून आत गेली ती गेलीच.

मी दिलं काढून. स्नायू बाजूला सारलेले, मधोमध जाडी नस, आणि नशीभोवती सैलसर बांधलेले धागे. धागे आवळलेले दिसता कामा नयेत, नुसते टेकलेले दिसू देत, असं तू चारचारदा बजावलंस. नस तुटली तर पाय बधिर होतो, म्हणालास. पण नुसती चिमटली गेली तर ती जखम भरल्यावरही ओरडत राहते. कुणी नुसतं बोट लावलं तरी भाजल्यासारखं वाटतं. असं का होतं, ते मला शोधायचंय. तुझे डोळे तेव्हा असे चमकत होते की मी त्या उंदराच्या मांडीवरच भाळले म्हणायला हरकत नाही.

ते चित्र तू जन्मभर वापरलंस. कुठेही भाषण असो, पहिलं चित्र तेच. खाली माझं नाव कधी घातलं नाहीस. तेव्हा मला त्याचं काही वाटत नव्हतं. आता वाटतं.

आणि तेव्हाच मी तुला विचारलं होतं, ‘तुझे उंदीर सगळे नरच का रे? माद्या कुठे गेल्या?’ तू म्हणालास, ‘माद्यांच्या अंगात सारखे बदल चालू असतात. त्याने आकडे डळमळतात. सगळं जग नरच वापरतं.’ मी म्हटलं, ‘बरं आहे बाई. उंदरांत तरी बायकांना सुट्टी.’ केवढे हसलो होतो आपण. तो विनोद मला पुढे इतका महागात पडेल असं वाटलं नव्हतं.

तुझं काम मला आवडायचं, हे मी नाकारत नाही. उंदीर जाळीवर उभा करायचा आणि खालून नायलॉनचा बारीक तंतू त्याच्या तळपायाला टेकवायचा. साध्या उंदराला त्याचं काही नाही. धागे बांधलेला मात्र झटकन पाय उचलतो, झटकतो, चाटत बसतो. तू ते लिहून घ्यायचास: दुखलं. एकदा तर मला नवीन चित्र काढायला लावलंस, रबरी फुग्याने उंदराच्या पायावर हवेची नुसती फुंकर घालायची त्याचं. ‘बघ शैला, फुंकरही सहन होत नाही त्यांना,’ असं तू इतक्या मायेने सांगितलंस की मला त्या उंदरांचा हेवा वाटावा. तेव्हा नाही वाटला. नंतर वाटला.

मग तुला त्या पेशी सापडल्या. पाठीच्या कण्यातल्या, पहारेकरी पेशी म्हणायचास तू त्यांना. नस दुखावली की त्या खवळतात आणि मग शांतच होत नाहीत. आणि एक जुनं, कुठल्याही केमिस्टकडे मिळणारं अँटिबायोटिक त्यांना गप्प करतं. उंदरांना ते पाजलं की त्यांचे पाय शांत. तू त्या दिवशी मुलुंड स्टेशनपासून घरापर्यंत मिठाई वाटत आलास. वॉचमनलाही पेढा देऊन नसांची माहिती दिलीस. त्याने पेढा खाल्ला आणि मला म्हणाला, ‘साहेबांना बढती मिळाली का?’

त्यानंतर मी पडले.

मच्छी मार्केटात पडले. तुला बांगड्याचं तिखलं हवं होतं, म्हणून सकाळीच गेले होते. ओल्या फरशीवर पाय सटकला आणि सगळा भार उजव्या हातावर आला. मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, काढलं, हाड छान जुळलं, एक्सरे बघून डॉक्टर खूश. हात मात्र माझा राहिला नाही. नळाचं पाणी त्यावरून गेलं की भाजायचं. पदर घासला तरी डोळ्यांत पाणी. आणि सगळ्यात वाईट पंखा. मे महिन्यात, मुंबईत, मला पंख्याखाली बसवेना.

तुला सांगायला मला शब्द शोधावे लागले नाहीत. सगळे शब्द तुझ्याकडूनच शिकलेले. मी म्हटलं, ‘दिलीप, ही तुझीच नस. धागे बांधलेली.’ तू चष्मा कपाळावर सरकवून हात बघितलास आणि म्हणालास, ‘अगदी पुस्तकातली केस आहे.’ खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं. नवरा जन्मभर याच एका दुखण्यामागे लागलेला, मला कसली काळजी, असं वाटलं. बायका देवाला नवस करतात, माझ्या घरात तर देवच होता.

तुझ्या डॉक्टर मित्राकडून तू ती गोळी लिहून घेतलीस. तीच, उंदरांवाली. मी घ्यायला लागले. महिना गेला, आणखी एक गेला. हात होता तसाच.

‘वेळेवर घेत नसशील.’

‘घेतेय रे.’

‘दुधाबरोबर घेत असशील. दुधाने तिचा जोर जातो.’

‘पाण्याबरोबर घेतेय.’

मग तू स्वतः गोळी द्यायला लागलास. पेला हातात देऊन समोर उभा राहायचास, गिळेपर्यंत. गिळल्यावर ‘आ कर’ एवढंच म्हणायचं बाकी ठेवलंस. मी म्हटलं, ‘दिलीप, माझ्यावर नाही चालत हे औषध.’ तू म्हणालास, ‘असं होत नाही.’ चालत नाही असं नाही, तर होत नाही. तुझ्या सगळ्या उंदरांवर चाललं होतं ना. मग चुकत कोण असणार? उरले मीच.

आणि मग तो रविवार. तो दिवस आठवला की हातापेक्षा वर कुठेतरी दुखतं.

तू प्रयोगशाळेतून ते नायलॉनचे तंतू घरी आणलेस. जेवणाच्या टेबलावर टॉवेल पसरलास, माझा हात त्यावर ठेवलास आणि म्हणालास, ‘डोळे मीट. टेकवलं की सांग, दुखतंय का नुसतं कळतंय.’ मी म्हटलं, ‘आधी पंखा बंद कर.’ ‘दोन मिनिटांचं काम आहे गं, घामाने चष्मा घसरतोय माझा.’ मी डोळे मिटले. तू टेकवत गेलास, मी सांगत गेले. दुखतंय. दुखतंय. हे जास्त. मग तू विचारलंस, ‘आता?’ मी म्हटलं, ‘दुखतंय.’ ‘आता?’ ‘हो, दुखतंय रे.’

डोळे उघडले तर तू तंतू टॉवेलवर ठेवला होतास. तुझ्या चेहऱ्यावर इतकी कीव होती. हळूच म्हणालास, ‘शैला, शेवटच्या दोन वेळा मी टेकवलंच नव्हतं.’

मला कळलं होतं ते काय होतं. उंदरांनाही तू मधूनच असं फसवायचास, हात नुसता जवळ न्यायचा आणि तो उगीच पाय उचलतो का ते पाहायचं. तुमच्या लोकांची पद्धतच ती, आणि तुझ्या जाळीवर ती बरोबरही असेल. पण तुझ्या प्रयोगशाळेत वर पंखा गरगरत नव्हता. माझ्या हातावर सबंध वेळ वारा लागत होता, दिलीप. मी खोटं बोलले नव्हते. वाऱ्यानेच दुखत होतं. तुझ्यासाठी फुंकरीचं चित्र मीच काढलं होतं आणि तरी मला ते त्या क्षणी सुचलं नाही, इतकी मी शरमले. चोरी पकडल्यासारखी मान खाली घालून बसले. तू टॉवेलची घडी घातलीस आणि आपला विषय संपला.

उंदराने पाय उचलला की तू लिहायचास, दुखलं. त्याचा स्वभाव कसा आहे हे तू कधी विचारलं नाहीस.

माझा विचारलास. नंतर मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेलास, तिथे माझ्यासमोर म्हणालास, ‘हिला दुखत नाही असं मी म्हणत नाही, पण थोडं वाढवून सांगायचा स्वभाव आहे.’ कुणाचा स्वभाव? मी अपेंडिक्स फुटेस्तोवर कुणाला कळू न देणारी बाई. पण बाहेर जगभर तू वेदनेतला मोठा माणूस. तू म्हणालास की बायको वाढवून सांगते, मग कोण माझं ऐकणार होतं? त्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मी दिवसभर पेंगायचे आणि झोपेतही हात दुखायचा.

यात तू वाईट नवरा नव्हतास, हीच तर माझी अडचण आहे. असतास तर मी सरळ पार्ल्याला निघून गेले असते आणि सुखी झाले असते. तू माझे केस विंचरायचास. वेणी घालायला शिकलास, ती प्रयोगशाळेतल्या टाक्यांच्या गाठीसारखी घट्ट बसायची आणि सुटायची नाही. रोज सकाळी माझ्या ब्लाउजचे पाठीवरचे हुक लावायचास, मग स्वतःची कॉलर नीट करून आपल्या कामाला जायचास. एक दिवस कुरकुर केली नाहीस. कालवलेला भात वाटीत द्यायचास, चमच्याने खाता यावा म्हणून. मी नकाशे काढणं सोडलं तेव्हा माझी सगळी पेनं पुसून, शाई काढून, डब्यात नीट भरून ठेवलीस. सगळं केलंस रे तू. फक्त ‘तुझं खरं आहे’ एवढं म्हटलं नाहीस. मला हुक नको होते. मला ते वाक्य हवं होतं.

मग अस्मिता आली तुझ्याकडे आणि पहिल्याच महिन्यात तुझं डोकं फिरवलंन. रोज जेवताना ऐकायचे मी. ‘म्हणते, माद्या घेऊ या. अर्धी प्रयोगशाळा नव्याने उभी करायची का आता?’ एकदा मी म्हटलं, ‘मग करू दे ना तिला. पोरगी हट्टाला पेटलीय तर बघू दे.’ तू भाताचा घास तसाच ठेवून म्हणालास, ‘तुला त्यातलं काय कळतं?’

मला. जिने तुझी नस काढली होती, तिला.

पुढे तू तिला परवानगी दिलीस, एवढं कळलं. काय निघालं ते कळलं नाही. मी विचारलं की ‘चाललंय’ म्हणायचास. मग तू अबोल झालास. मला वाटलं, निवृत्ती जवळ आली म्हणून. मग तू बंगळूरला परिषदेला गेलास आणि येताना मैसूरपाक आणलास. माझ्या डाव्या हातावर ठेवलास. मी विचारलं, ‘कशी झाली परिषद?’ तू म्हणालास, ‘ठीक. जेवायला काय आहे?’

आणि त्यानंतर तू पंखा बंद करायला लागलास. मी खोलीत आले की उठायचास आणि बटण दाबायचास. इतकी वर्षं त्या पंख्यावरून आपली भांडणं, मी बाहेर बाल्कनीत आणि तू आत वाऱ्यात, आणि आता हा माणूस घामाने थबथबून बसलाय आणि पंखा बंद. मी म्हटलं, ‘थंडी वाजते की काय तुला?’ ‘हं,’ म्हणालास. मला वाटलं, म्हातारा झाला. मी तुला शाल आणून दिली. एप्रिल महिन्यात तू ती पांघरून बसलास.

तू गेलास तोही पंखा बंद असताना. दुपारी, आरामखुर्चीत, पेपर मांडीवर. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, काहीही दुखलं नसेल त्यांना. येणारा प्रत्येक जण हेच म्हणत होता, पुण्यवान माणूस, काही दुखलं नाही. मी मनात म्हणत होते, जन्म घालवला दुखण्यावर आणि स्वतःला चाखायला लागलं नाही, याला म्हणतात नशीब.

आता घाटावरचं ऐक. तू हसशील, पण ऐक.

दहाव्याला खाडीकाठच्या घाटावर गेलो होतो. तुझा भाचा, सुमनचा मुलगा, त्याने सगळं केलं. आपल्याला मूल नाही म्हणून तुझी बहीण सुमन आधीच भरून आली होती. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोर भिंतीवर बसलेले, चांगले तीन-चार होते, बघत होते, पण एकही खाली उतरेना. मग सुरू झालं. इच्छा राहिलीय, काय राहिलंय बघा. तुझ्या हाताखाली शिकून मोठे झालेले एक साहेब पुढे होऊन म्हणाले, ‘सर, प्रयोगशाळा बंद पडू देणार नाही.’ कावळे बसलेलेच. कुणी म्हणालं, पुस्तक अर्धं राहिलंय, ते आम्ही छापून घेऊ. नाही. भाच्याने ‘मामा, मामीला सांभाळीन’ म्हटलं. तरी नाही. भटजी घड्याळ बघत म्हणाले, ‘दर्भाचा कावळा करू या का? पुढे आणखी दोन ठिकाणी जायचंय मला.’

तेव्हा सुमन पुढे झाली. पदर खोचून पिंडासमोर उभी राहिली आणि तुमच्या गावच्या बोलीत, मोठ्याने म्हणाली, ‘दादा, वयनीच्या हाताची काळजी करू नको. हात बरो आसा तिचो. तू जा आता.’

आणि एक कावळा उतरला. सरळ येऊन पिंडाला चोच लावून भाताचं शीत घेऊन गेला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सुमन रडत रडत माझ्याकडे आली आणि तिने माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन गच्च दाबला. माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली. पण मी ओरडले नाही. आत्ताच ज्याला बरा म्हटलं तो हात घेऊन कशी ओरडू? तुझा कावळा अजून समोरच बसून शीत खात होता.

मला सुमनचा राग आला नाही. तिला भाऊ सुटायला हवा होता. पण घरी येताना रिक्षात मी एकच विचार करत होते: प्रयोगशाळेला आला नाही, पुस्तकाला आला नाही, मग माझ्या हाताला का आला? तू तर या हाताला खोटा ठरवून मोकळा झाला होतास. तुझं त्यात काय अडकलं होतं? वर्षभर मी तो प्रश्न डोक्यातून काढून टाकला. कावळ्याचं काय, भूक लागली, आला.

आणि रविवारी अस्मिता आली. तुझ्या नावाने दरवर्षी एक व्याख्यान ठेवणार आहेत, त्याचं बोलावणं करायला. तिला ते जुनं चित्रही हवं होतं, मूळ, शाईचं. चहा घेताना म्हणाली, ‘काकू, खरं सांगू का? सर मला एवढे कधीच आवडले नव्हते जेवढे त्या दिवशी बंगळूरला. मी म्हटलं होतं, माद्यांचे निकाल मीच मांडते, तुम्ही नुसते बसा. तर म्हणाले, नाही, मी बोलणार. उभे राहिले आणि सरळ म्हणाले, माद्यांवर हे औषध चालत नाही, त्यांच्यात दुखण्याची वाट वेगळी आहे, आणि मी आयुष्यभर अर्ध्या जगाला विचारलंच नाही. म्हणाले, माझ्या घरातच एक पेशंट होती. ती मला सांगत होती की हे माझ्यावर चालत नाही. मी तिचं नाही ऐकलं, उंदरांचं ऐकलं. यार काकू, अख्खा हॉल उभा राहिला ना. मी तर रडलेच. तुम्हाला सांगितलंच असेल त्यांनी.’

मी म्हटलं, ‘हो, सांगितलं ना.’

बघ, तुझी लाज अजून मीच राखतेय.

अख्खा हॉल, दिलीप. मला न ओळखणारी माणसं. त्यांना सांगितलंस. त्यांनी टाळ्या वाजवल्या, तुझ्या मोठेपणाला. माझ्या दुखण्याचं तू आणखी एकदा चित्र केलंस, पहिल्या स्लाइडसारखं, आणि खाली नाव नाही घातलंस. ‘घरातली एक पेशंट.’ आणि त्या टाळ्या खिशात घालून घरी आलास आणि विचारलंस, जेवायला काय आहे. आमटी होती त्या दिवशी. आमटीभाताच्या मध्ये कुठेही बसलं असतं ते वाक्य. केवढंसं वाक्य. त्यानंतर वर्षभर रोज माझे हुक लावत होतास, माझ्या पाठीमागे उभा राहून. माझा चेहरासुद्धा दिसत नव्हता तुला. तेव्हाही नाही जमलं?

आता पंख्याचं कळतंय. तू माफी मागत होतास, बटण दाबून. घामाघूम होऊन, शाल पांघरून. मूर्ख माणसा, मी काय जाळीवरचा उंदीर होते, मला न सांगता कळायला? मला बोलता येत होतं. मला ऐकताही येत होतं. तू हे एकदा म्हणाला असतास तर मी तुला पंखा लावून दिला असता आणि स्वतः हसत बाल्कनीत जाऊन बसले असते.

आणि कावळ्याचंही कळलं. मी मानत नाही, तूही मानत नव्हतास. पण समज, तो तूच होतास. मग तू अडकला होतास तो खरंच माझ्या हातापाशी. आणि सुटलास कशाने? सुमनने ‘हात बरा आहे’ म्हटल्याने. म्हणजे मेल्यावरही तू तेच केलंस. माझ्या हाताचं माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकलंस, पटवून घेतलंस आणि निघून गेलास. मी तिथेच उभी होते, चार हातांवर. मला कुणी विचारलं नाही, तूही नाही.

अस्मिताला चित्र दिलं. खाली माझं नाव घालायला सांगितलंय, पूर्ण नाव, तुझ्या नावाएवढ्या अक्षरांत. ती म्हणाली, ‘घालणारच. ते तुम्ही काढलंय हेच मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.’ निघताना तिने विचारलं, ‘काकू, हात कसा आहे आता?’ मी म्हटलं, ‘दुखतो.’ ती नुसती ‘हो ना’ म्हणाली आणि उठून मी तिच्यासाठी लावलेला पंखा बंद केलान. इतकं सोपं असतं ते.

आता माझा शब्द ऐक. वर्षश्राद्धाला मी वडे करीन, काळ्या वाटाण्याचं सांबार करीन, तुला आवडायचं ते सगळं, डाव्या हाताने जमेल तसं. सुमन येईल, भाचा येईल. गच्चीवर पान मी घेऊन जाणार आहे, आणि या वेळी सुमनला तोंड उघडू देणार नाही. मी स्वतः म्हणणार आहे, साऱ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं: दिलीप, हात बरा नाही. तू टेकवलं नाहीस तेव्हाही दुखत होता आणि आत्ताही दुखतोय.

हे ऐकून खाली उतरलास तर तुझं माझं मिटलं, पुन्हा या विषयावर एक शब्द काढणार नाही. नाही उतरलास तर बस त्या पाण्याच्या टाकीवर. दर्भाचा कावळा मी करू देणार नाही, भटजींना कितीही घाई असू दे. पान सुकेपर्यंत मी समोर बसून राहीन. गच्चीवर वारा फार असतो, हात सबंध वेळ दुखेल. दुखू दे. उघडाच ठेवणार आहे, तुला नीट दिसावा म्हणून.

खालची सही तेवढी उजव्या हाताने करतेय.

शैला